उन्हाळी गादी

१ फेब्रुवारी १९८७, रविवार

फोमचा व्यापारी दर वर्षी डायरी देतो आणि दर वर्षी ती रझिया पळवते. यंदा मी ठेवून घेतली. मला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती ज्याला सांगावी असा माणूस मला अख्ख्या पुण्यात सापडलेला नाही. घरी आम्ही दखनी बोलतो, पण माझी शाळा मराठी, त्यामुळे लिहायचं म्हटलं की मराठीच सुचतं.

मी रज्जाक शेख. नाना पेठेत माझं रिक्षाच्या सीटा शिवायचं दुकान आहे. फोम मी कापतो, रेक्झीन मी शिवतो, काठाचं पाइपिंगही माझ्याच हातचं. अर्धं पुणं माझ्या कामावर बसून फिरतं. माणूस कसा बसतो ते बघून मी त्याचा स्वभाव सांगतो. ऐसपैस पसरला तर सरकारी नोकर, कडेला टेकला तर बायकोच्या धाकातला, मधोमध ताठ बसला तर सदाशिव पेठेतला, आणि तो उतरल्यावर मीटरकडे दोनदा बघणार.

तर असा मी, आणि गेला आठवडाभर मला स्वतःलाच बसता येत नाही. हेसुद्धा शिवणयंत्राच्या फळीवर डायरी ठेवून उभ्यानेच लिहितो आहे. मूळव्याध. लिहिलं एकदाचं.

कुणाला कळता कामा नये. एक तर धंदा. ज्याला स्वतःला धड बसता येत नाही त्याच्याकडून सीट कोण करून घेईल? आणि हे रिक्षावाले! नाना पेठेच्या स्टँडवर सकाळी कुणी शिंकलं तर दुपारी हडपसरला त्याच्या तब्येतीची चौकशी होते. दुसरं म्हणजे रझियाचं लग्न. पुढच्या रविवारी खडकीहून मुलाचे वडील मकसूदभाई तारीख ठरवायला येणार आहेत. निकाहच्या वेळी मुलीच्या बापाने काझीसाहेबांच्या शेजारी, व्याह्यांना लागून, जाजमावर मांडी घालून बसायचं असतं. तिथे मी दर मिनिटाला कूस बदलत राहिलो तर लोक काय म्हणतील? एकुलती एक मुलगी आहे. तिच्या निकाहला मला नीट बसायचं आहे, एवढंच माझं मागणं आहे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

हुस्नबानूने विचारलं, “उभ्याने का जेवताय?”

मी म्हणालो, उभ्याने जेवलं की अन्न सरळ खाली जातं, रेडिओवर सांगितलं. ती म्हणाली, “बरं.” एवढ्यावर सुटलो.

पण तिने आता नवीनच सुरू केलं आहे. मिरचीचा ठेचा बंद, गोश्त बंद. काल सुरण, आज सुरण, सोबत ताक आणि झोपताना पपई. लग्नाच्या खर्चासाठी काटकसर चालली आहे हे मला कळतं, पण माणसाने कंजुषी किती करावी? मी तोंड वाकडं केलं तर म्हणते, “मुकाट्याने खा, रझियाचे अब्बा. तुमच्याच भल्याचं आहे.”

सकाळी संडासात जरा वेळ लागला तर रझिया बाहेरून म्हणाली, “अब्बा, पेपर आत नेत जाऊ नका.” बारावी झालेली मुलगी, पण वाचनाचं महत्त्व तिला कळत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस कसा गेला ते मला अजून नीट समजलेलं नाही.

मकसूदभाई आले, त्यांची बीवी बेगमबी आल्या, सोबत खडकीची चार मोठी माणसं. मकसूदभाई दारूगोळा कारखान्यात तपासणी खात्यात आहेत. दिवसभर टेबलाशी बसून एकेक नग हातात घेऊन बघायचा, खोट असली तर बाजूला टाकायचा, हे त्यांचं काम. बायका आत गेल्या. मी बाहेरच्या खोलीत धुतलेली चादर अंथरली होती.

“बसा, मकसूदभाई,” मी म्हणालो.

“आधी आपण.”

“छे छे! पाहुण्यांच्या आधी मी बसू?”

“आपण वयाने मोठे. आपण उभे असताना मी बसलो तर मला शोभेल का?”

मी उभा, ते उभे. दोन्ही व्याही उभे म्हटल्यावर बाकीचे कसे बसणार? खडकीची माणसं उभी राहिली, आमच्या गल्लीतली उभी राहिली. माझे चुलते दादामियाँ ऐंशीच्या घरात आहेत, गुडघ्यांनी बेजार, तेही भिंतीला हात लावून उभे. चहा उभ्याने झाला. मेहरची रक्कम उभ्याने ठरली. बिर्याणी की पुलाव यावरून तर चांगला वाद झाला, तोही उभ्यानेच. रमजानच्या आधी, १९ एप्रिलला निकाह करायचा असं नक्की झालं.

शेवटी दादामियाँ ओरडले, “अरे, तुमची तहजीब आटोपली असेल तर दोघांपैकी एकाने टेका रे! म्हणजे मी मरायच्या आधी बसेन तरी.” तरीही मकसूदभाई बसले नाहीत. मग मी कसा बसू?

निघताना मी म्हणालो, रिक्षा बोलावतो. मकसूदभाई दचकले. “नको नको, रिक्षा नको. बसने जातो. येतानासुद्धा उभा राहूनच आलो, बस रिकामी होती तरी.”

किती साधा माणूस! पण मनाला चुटपुट लागून राहिली आहे. मी बसलो नाही याचा त्यांना राग तर आला नसेल? माणूस कसा बसतो यावरून मी त्याला ओळखतो. हे बसलेच नाहीत, त्यामुळे काही थांग लागला नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज दुकानाला आतून कडी घातली आणि स्वतःसाठी गादी कापली. जाड फोम, गोल, आणि मधोमध भोक. भोक केवढं ठेवायचं हे विचारायला कुणी नव्हतं, आमटीच्या वाटीएवढं ठेवलं. कडेला काथ्याची घडी, वरून मऊ रेक्झीन, काठाला हिरवं पाइपिंग. मग अल्लाचं नाव घेतलं आणि हळूहळू बसलो.

दुखलं नाही.

तसाच बसून राहिलो. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू. उमेदीची सगळी वर्षं लोकांच्या बसण्याची सोय करण्यात गेली, पण बसणं ही एवढी मोठी गोष्ट आहे हे मला आज कळलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

घात झाला. जुम्म्याच्या नमाजाला गेलो होतो. परत येतो तर गादी गायब! आमचं जुनं गिऱ्हाईक बजरंग रिक्षा घेऊन आला होता. त्याची सीट मी कालच उसवून ठेवलेली, नवी झालेली नाही. त्याला मध्येच स्टेशनचं पॅसेंजर मिळालं, तर या पठ्ठ्याने माझ्या टेबलाखालची गादी उचलली, चालकाच्या जागी टाकली आणि गेला. मी दिवसभर उभा.

संध्याकाळी आला तो दारात रिक्षा लावून आतच बसून राहिला. उतरेना.

“चाचा, ही कसली गादी म्हणायची?”

तोंडाला आलं ते बोललो, “उन्हाळी गादी आहे. मधून हवा खेळते.”

“कोल्हापूरपर्यंत जाईन हिच्यावर,” बजरंग म्हणाला. “विकता का?”

“नाही.”

“मग दुसरी करून द्या. म्हणजे मला नको, मला काय करायचीय? एक मित्र आहे माझा. वाघोलीला असतो.”

मी म्हटलं देतो, पण आधी खाली उतर.

२३ फेब्रुवारी, सोमवार

उन्हाळी गादीला गिऱ्हाईक आवरत नाही. बजरंगने वाघोलीच्या मित्रासाठी नेली, मग त्या मित्राच्या मित्रासाठी नेली. स्टँडवरच्या संपतने मेहुण्यासाठी नेली. दत्तोबा हमाल येऊन म्हणाला, गावाकडे चुलत्याला पाठवायची आहे. स्वतःसाठी मागणारा एकही नाही. रिक्षावाले वरवर उर्मट वाटतात, पण दुसऱ्यासाठी किती झिजतात हे मी आता बघतो आहे.

एक मात्र समजत नाही. सगळे दिवेलागणीलाच येतात आणि गादी पेपरात गुंडाळून मागतात. मी म्हणतो, उघडी न्या, माझी जाहिरात होईल. तर माझ्यावरच चिडतात. आणि कुणी घासाघीस करत नाही! पुण्यात गिऱ्हाईक सांगितली ती किंमत देतं म्हणजे माल अव्वल असला पाहिजे. दुकानावर पाटी लावली आहे: ‘उन्हाळी गादी मिळेल. हवा खेळती राहते.’

हुस्नबानू पाटी वाचून पदर तोंडाला लावून आत गेली. बहुतेक कौतुक वाटलं असावं.

३ मार्च, मंगळवार

आज सकाळी रक्त गेलं. बरंच. मी भिंतीला धरून उभा राहिलो.

गादीने दुखायचं थांबतं, पण आतलं बरं होत नाही हे मला कळतच होतं. कळून घ्यायचं नव्हतं. दुकानात एक रेक्झीन वाकडं कापलं. असं माझ्याकडून कधी होत नाही. मनात नाही नाही ते आलं. माझ्या वडिलांना असंच काहीतरी होतं, त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि माझा निकाह त्यांना बघायला मिळाला नाही. मला भीती वाटते आहे. रझिया चहा घेऊन आली तेव्हा तिच्याकडे बघवेना.

डॉक्टर गाठायलाच हवा, पण आपल्या भागातला नको. बजरंग परवा संपतला सांगत होता की त्याचा तो वाघोलीचा मित्र वारज्याच्या एका डॉक्टरकडे जातो. वाघोलीचा माणूस सगळं पुणं ओलांडून वारज्याला का जातो ते मी विचारलं नाही. पण वारजं ठीक आहे. तिथे मला कुणी ओळखत नाही.

५ मार्च, गुरुवार

सगळं संपलं असं वाटतं आहे.

बसमध्ये उभा राहून वारज्याला गेलो. दवाखाना गावाच्या तोंडाशीच आहे. बाहेरच्या खोलीत तीन लांब बाकं, तिन्ही रिकामी, आणि आठ-दहा माणसं भिंतीला पाठ लावून उभी. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मीही एक भिंत धरली. शेजारी गावातल्या एक म्हाताऱ्या बाई होत्या, तुळजाबाई. शेतावरून तशाच आल्या होत्या, हातात विळा.

“कवापासनं हाय?” त्यांनी मला सगळ्यांदेखत विचारलं.

“काय?”

“मूळव्याध. आनि काय?”

“मला नाही,” मी म्हणालो. “माझा दात दुखतो.”

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. तेवढ्यात दार उघडलं आणि आत आले कोण? मकसूदभाई! खडकीचे मकसूदभाई, वारज्यात! मला बघून ते जागच्या जागी थबकले. मी सलाम केला, त्यांनी सलाम केला.

“आपण इथे?” ते म्हणाले.

“दात,” मी म्हणालो. “आपण?”

“मीही... दातच.”

“हितं दाताचं काय बी करत न्हाईत,” तुळजाबाई म्हणाल्या. “दात दुसऱ्या टोकाला आसत्यात.”

सगळी खोली हसली. मी ‘अच्छा, मग निघतो’ म्हणून बाहेर पडलो तो थेट स्टॉपवर आलो. मकसूदभाईही मागोमाग निघाले आणि उलट्या दिशेने गेले. तिकडे तर नुसती शेतं आहेत.

बसमध्ये सगळा उलगडा झाला. हा माणूस तपासणी खात्यातला. त्या दिवशी मी बसलो नाही तेव्हाच त्याला शंका आली. आता माझ्या मागावर आहे. नग हातात घेऊन बघतो आहे, आणि खोट सापडली की बाजूला टाकणार. रझियाचं लग्न माझ्यामुळे मोडणार.

९ मार्च, सोमवार

खडकीहून अजून काही निरोप नाही. मी रोज दाराकडे बघतो.

हुस्नबानू काल बांगड्यांचं माप आणायला म्हणून खडकीला बेगमबींकडे गेली. मी म्हणालो, त्यांचा सूर कसा आहे तेवढा बघून ये. संध्याकाळी परत आली ती इतकी हसत होती की तिला चौकटीला धरून उभं राहावं लागलं. रझियाला आत घेऊन गेली आणि मग दोघी हसत होत्या. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, “काही नाही. बेगमबी फार चांगल्या आहेत.” बांगड्यांचं माप मात्र आणलंच नव्हतं.

आज सकाळी उठलो तर मोरीत मोठं घमेलं, त्यात कोमट पाणी. शेजारी कोरडा टॉवेल. हुस्नबानूला विचारलं तर म्हणाली, “तुम्ही दिवसभर उभे असता, पाय दुखत असतील. शेकायला ठेवलंय. पाय कुठवर बुडवायचे ते तुमचं तुम्ही बघा.”

मी कडी लावली आणि पायांऐवजी दुसरंच शेकलं. फार बरं वाटलं. बिचारीला काही पत्ता नाही.

१८ मार्च, बुधवार

घमेलं रोज तयार असतं. पहाटे स्टोव्हचा आवाज येतो. रझियाही हल्ली लवकर उठते. लग्न जवळ आलं की मुलींना झोप लागत नाही म्हणतात.

बजरंगने आज खास गिऱ्हाईक आणलं. खडकीच्या कुणा वयस्कर गृहस्थांना उन्हाळी गादी हवी आहे, पण रेक्झीनची नको, मखमलीची. “मित्राचे मित्र आहेत, नाव नका विचारू,” बजरंग म्हणाला. खडकी म्हटल्यावर मी जीव ओतून काम केलं. जांभळी मखमल, हिरवं पाइपिंग. होणाऱ्या जावयाच्या गावात आपलं नाव होत असेल तर चांगलंच. मनात आलं, मकसूदभाईंच्या कानावर जाईल की व्याह्यांचा माल कसा असतो. तेवढाच त्यांचा राग निवळेल.

रक्त मात्र अधूनमधून जातंच आहे. रात्री त्याचाच विचार येतो.

२६ मार्च, गुरुवार

सकाळी हुस्नबानू बुरखा घालून तयार. “चला, माझा दात दुखतोय. वारज्याला जायचंय.”

वारज्याचं नाव हिला कुठून कळलं कोण जाणे. मी म्हणालो, वारज्याला दाताचा डॉक्टर नाही. ती म्हणाली, “माहीत आहे मला. चला.”

त्याच दवाखान्यात नेलं. डॉक्टर साठीचे, बारीक, चष्म्यावरून बघणारे. मी तोंड उघडायच्या आत हुस्नबानूने सगळं सांगितलं. जानेवारीपासून बसत नाहीत, महिन्याच्या सुरुवातीपासून रक्त जातंय, पेपर आत नेतात, पाणी पीत नाहीत, सुरण दिलं तर तोंड वाकडं करतात. लेंग्यावरचा डाग तिने धुतला होता, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

डॉक्टर मला म्हणाले, “आणि आपण इतके दिवस काय करत होतात?”

“गादी केली.”

“छान. घराला आग लागली तर आपण पडदे बदलत असाल.”

त्यांनी तपासलं. तपासणीचं वर्णन लिहीत नाही. मग म्हणाले, “मूळव्याधच आहे, दुसरं काही नाही. पण रक्त जातं तेव्हा ते बघून ठरवायचं काम डॉक्टरचं, आपलं नव्हे. उशीर केलात. ऑपरेशन नको, इंजेक्शनवर भागेल.” इंजेक्शन दिलं. जेवण बायको देते तेच, पाणी भरपूर, रात्री इसबगोल, आत बसून जोर करायचा नाही, वाचन बाहेर, कोमट पाण्याचा शेक चालू ठेवायचा, परत रक्त दिसलं तर त्याच दिवशी यायचं.

‘दुसरं काही नाही’ हे ऐकल्यावर मला खुर्चीतच रडू आलं. डॉक्टर म्हणाले, “इंजेक्शन इतकं दुखत नाही.” हुस्नबानूने माझ्या पाठीवर हात ठेवला. परक्या माणसासमोर तिने असं कधी केलं नव्हतं.

परत येताना मी म्हणालो, तू मला आधी का नाही सांगितलंस की तुला माहीत आहे? म्हणाली, “तुम्ही लपवण्यात एवढे रमला होता.” मग मी तिला मकसूदभाई माझ्या मागावर आहेत ती गोष्ट सांगितली. तिने खिडकीकडे तोंड वळवलं. तिचे खांदे हलत होते. मी म्हणालो, रडू नकोस, काहीतरी मार्ग निघेल.

८ एप्रिल, बुधवार

रक्त थांबलं. थोडा वेळ साध्या पाटावरही बसता येतं. निकाहला तासभर मांडी घालायची म्हणजे मात्र अजून धडकीच भरते, आणि सगळ्यांसमोर भोकाची गादी घेऊन बसणं तर शक्यच नाही.

मकसूदभाईंनी लग्न मोडलेलं नाही. उलट निरोप पाठवला आहे की निकाह उभ्याने पढवतात का, काझीसाहेबांना विचारून ठेवा. म्हणजे अजून टोमणे चालूच आहेत.

१९ एप्रिल, रविवार

रझियाचा निकाह झाला. जसं झालं तसं लिहितो.

सकाळपासून माझी गादी सापडत नव्हती. घर पालथं घातलं. तसाच हॉलवर गेलो. पांढरीशुभ्र चादर अंथरलेली, काझीसाहेब बसलेले, मुलगा फुलांच्या सेहऱ्याआड. मकसूदभाई शेरवानीत उभे. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

“बसा,” मी म्हणालो.

“आधी आपण,” ते म्हणाले.

अख्खा हॉल उभा राहिला. दादामियाँनी कपाळावर हात मारला. काझीसाहेब म्हणाले, “साहेबान, मला अजून दोन निकाह आहेत.” मकसूदभाईंच्या कपाळावर घाम होता. मला वाटलं, आता हे सगळ्यांसमोर बोलणार.

तेवढ्यात पडद्यामागून हुस्नबानूचा आवाज आला, “रझियाचे अब्बा, गुलाबाच्या पाकळ्या टाकल्यात तिथेच बसायचं.” आणि लगेच बेगमबींचा आवाज, “तुम्हीसुद्धा. दुसऱ्या पाकळ्यांवर.”

चादरीवर दोन ठिकाणी पाकळ्यांचे ढीग होते आणि चादर तिथे जरा फुगलेली दिसत होती. मी डोळे मिटले आणि बसलो.

माझीच गादी! अंगाखाली वाटीएवढं भोक लागलं. माझ्या तोंडून ‘हाश्श’ निघालं, आणि नेमकं त्याच क्षणी माझ्या शेजारूनही ‘हाश्श’ आलं. मी डोळे उघडले. मकसूदभाई बसले होते. त्यांच्या मांडीखाली चादर सरकली होती आणि जांभळ्या मखमलीचं टोक बाहेर आलं होतं. काठाला हिरवं पाइपिंग. ते पाइपिंग मी हजारात ओळखेन.

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

“दात?” मी हळूच विचारलं.

“दात,” मकसूदभाई म्हणाले.

मग आम्हाला हसू आवरेना. खांद्याला खांदा लावून आम्ही दोघं गदगदत होतो आणि लोकांना वाटलं व्याही भावनेने रडताहेत. बऱ्याच जणांचे डोळे ओले झाले. काझीसाहेबांनी निकाह पढवला, पडद्याआडून रझियाचं ‘कबूल है’ आलं, आणि तेव्हा मात्र मी खरंच रडलो. मांडी घालून, नीट बसून ऐकलं मी ते.

खारका उधळल्या, गळाभेटी झाल्या, तरी आम्ही दोघं उठलो नाही. इतक्या दिवसांनी बसायला मिळालं होतं, उठतो कशाला? मकसूदभाई मला त्यांचं इंजेक्शन कधी झालं ते सांगत होते. व्याही बसलेले असताना उठणार कोण? सगळा हॉल ताटकळत बसून राहिला. बिर्याणी निवत चालली. शेवटी दादामियाँ ओरडले, “अरे, आता उठा रे कुणीतरी!”

रझिया निघताना माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, “अब्बा, पाणी पीत जा.” मी हो म्हणालो.

२० एप्रिल, सोमवार

सकाळी उठून सवयीने मोरीत गेलो. घमेलं पालथं पडलेलं, कोरडं. मला वाटलं, हुस्नबानू लग्नाच्या दगदगीने दमली असेल. तिला म्हणालो, आज पाणी राहिलं वाटतं.

ती म्हणाली, “मी कधीच ठेवत नव्हते. रझिया ठेवायची. तुम्ही उठायच्या आत उठून.”

मी मोरीच्या उंबऱ्यावर बसलो. दुखलं, तरी तसाच बसून राहिलो. मग उठून स्वतः स्टोव्ह पेटवला. पाणी फारच गरम झालं.

२४ एप्रिल, शुक्रवार

बजरंग खडकीला पॅसेंजर सोडून आला. येताना व्याह्यांचा निरोप आणला. मी दुकानाच्या दारात, सगळ्या रिक्षावाल्यांसमोर, माझ्या गादीवर बसून काम करत होतो. पाटी बदलली आहे. आता लिहिलं आहे: ‘मूळव्याधीची गादी. आधी डॉक्टरला दाखवा, मग या.’ बजरंग म्हणतो, धंदा बसेल. बसू दे.

“काय म्हणाले मकसूदभाई?” मी विचारलं.

“म्हणाले, रज्जाकभाईंना सांग, नवी सूनबाई आल्यापासून मोरीत रोज सकाळी कोमट पाणी तयार असतं. कुणी सांगितलं नव्हतं तिला. आणि म्हणाले, दात बरा आहे.”

मी त्याला म्हणालो, थांब, चहा पिऊन जा. बस. आणि माझ्या अंगाखालची गादी काढून त्याच्या अंगाखाली सरकवली. या वेळी तो मित्राचं नाव न घेता बसला.